११२ दिवसांची शांतता

या आठवड्याचं पत्र ठाण्याच्या कोलशेत रोडवरून आलंय. बरंच लांब होतं, मुद्द्याचं तेवढं इथे ठेवलंय.

"मी ४९ वर्षांची. रबाळ्याला एका कंपनीत अकाउंट्स बघते. महिन्याची ११ आणि २० तारीख, म्हणजे जीएसटी रिटर्नची मुदत, जवळ आली की घरातले माझ्याशी जपून बोलतात. मुलगा बारावीला आहे. सासूबाई ७८ वर्षांच्या, माहेर खेड तालुक्यातलं, घरात वारी होती. दोन वर्षांपूर्वी मी संतवाङ्मयाकडे वळले. सार्थ ज्ञानेश्वरी आणली. गाडीत येता-जाता कानात कबीराची भजनं असतात. मग ध्यानाचं अ‍ॅप घेतलं. रोज संध्याकाळी सातला बेडरूमचं दार लावून चाळीस मिनिटं बसते. नेमकी तीच सासूबाईंच्या हरिपाठाची वेळ. हातात टाळ, आवाज मोठा आणि बरेच शब्द चुकीचे. हेडफोन लावले तरी टाळ ऐकू येतोच.

गेल्या महिन्यात मी दार उघडून ओरडले, 'आई, तुमचा देव बहिरा आहे का?' अ‍ॅपवर त्या दिवशी माझा सलग ९०वा दिवस होता. त्यांनी काही न बोलता टाळ फडक्यात गुंडाळले आणि कपाटावर ठेवून दिले. आता ओठातल्या ओठात काहीतरी म्हणतात, एखाद्या दिवशी तेही नाही. घर शांत आहे. आज माझे ११२ दिवस झाले. पण बसले की टाळ वाजत नाहीये, हेच ऐकू येतं. उठते ती आधीपेक्षा जास्त चिडलेली. पहाटे तीनला जाग येते, छाती धडधडते. नवरा म्हणतो, तुम्ही दोघी बघून घ्या. मला एवढंच विचारायचंय, संत सांगतात ती आतली शांतता खरी असते, की ते नुसतं काव्य आहे? आणि खरी असेल तर माझ्यासारखीच्या वाट्याला येते का?"

ताई,

आधी धडधडीचं बोलू. तुम्ही ते शेवटी एका ओळीत उरकलंत, मला ते पहिल्या ओळीत हवं होतं. वय ४९, पहाटेची जाग, धडधड, चिडचिड. पाळी जाण्याच्या सुमाराला असं होऊ शकतं. थायरॉइड असेल, रक्तदाब असेल, नुसता ताणही असेल. मी डॉक्टर नाही, म्हणूनच डॉक्टरांकडे जा म्हणते, आणि याच आठवड्यात. '२० तारीख होऊन जाऊ दे' हे नको. अभंगाला थायरॉइड कळत नाही. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी वर्षभर 'साधनेत कमी पडते' म्हणून स्वतःला बोल लावला. तपासलं तर हिमोग्लोबिन सातवर आलेलं.

आता त्या ९०व्या दिवसाकडे वळू.

आवाजामुळे ओरडले, असं तुम्ही लिहिलंय. मला ते पटलं नाही. तुम्ही ठाण्यात राहता. वरच्या मजल्यावर कुणाच्या ना कुणाच्या घरी टाइल्स कापायचं मशीन चालू असतं, खाली रिव्हर्स घेणाऱ्या गाड्यांची पिपाणी, गणपतीत दहा दिवस काय असतं ते सांगायला नको. यातल्या कुणावर तुम्ही दार उघडून ओरडला नाहीत. ओरडलात ते ९०व्या दिवशी, साखळी तुटेल या धास्तीनं. जीएसटीचं रिटर्न भरताना शेवटच्या दिवशी पोर्टल अडकलं की जो जीव वरखाली होतो, तोच हा. तुम्ही शांततेचंही खातं उघडलंत आणि रोज जमा टाकत राहिलात.

दाराबाहेर सासूबाई त्या वेळी काय म्हणत होत्या, आठवतंय? मी पैजेवर सांगते, पाच-दहा मिनिटं आधी त्या हे म्हणाल्या असणार:

हरि मुखें म्हणा हरि मुखें म्हणा ।
पुण्याची गणना कोण करी ॥

मोजायचं कुणी? आत अ‍ॅप मोजत होतं आणि बाहेर ७८ वर्षांची बाई मोजू नका म्हणून टाळ कुटत होती. हे लिहिताना मला हसू आवरत नाहीये. तुम्हालाही आलं तर येऊ द्या.

हरिपाठाचा तो पहिला अभंग चारच कडव्यांचा आहे. आपण तो इतका ऐकलेला असतो की वाचत नाही. सुरुवात 'देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी'. उभा, तेही क्षणभर. बैठक, चाळीस मिनिटं, लावलेलं दार असलं काही त्यात नाही. दार आहे ते देवाचं, आणि माणूस त्याच्या उंबऱ्याशी वाटेवरचा थांबावा तसा थांबलाय. तिसरं कडवं मला सगळ्यात जास्त आवडतं: 'असोनि संसारीं जिव्हे वेगु करी'. संसारात असूनच जिभेला वेग दे. आपण शांत होणं म्हणजे वेग कमी करणं समजतो, आणि ज्ञानदेव, ज्यांच्याइतकं स्थिर मन मराठीत दुसरं सापडणं कठीण, ते जिभेला पळव म्हणतात. कारण त्यांना संसार माहीत आहे. तिथे हात मोकळे नसतात, पाय मोकळे नसतात, डोकं तर नसतंच. जीभ तेवढी मोकळी असते, आणि एरवी ती काय करते ते तुम्हाला-मला ठाऊक आहे. आणि शेवट बघा: 'द्वारकेचा राणा पांडवा घरीं'. पांडवांच्या घरी शांतता कधी होती? जुगार झाला, वनवास झाला, मग युद्ध. एका सासूच्या हाताखाली पाच नवऱ्यांचा संसार. तरी द्वारकेचा राणा नांदला तो तिथेच.

तुमच्याकडे सार्थ ज्ञानेश्वरी आहे ना? तिचा सहावा अध्याय काढा. त्यात योग्यानं बसायची जागा कशी असावी याचं सुंदर वर्णन आहे, 'जेथ आराणुकेचेनि कोडें । बैसलिया उठों नावडे'. बसलं की उठावंसंच वाटू नये अशी. म्हणजे शांत जागा मागणं हा काही गुन्हा नाही, खुद्द माऊलींनी ती मागितली आहे. पण थोडं पुढे जा. सगळं ऐकून घेतल्यावर अर्जुन तुमच्यासारखाच वैतागतो. म्हणतो, हे मन कसं, केवढं, बघायला जावं तर सापडत नाही, आणि हिंडायला मात्र याला त्रैलोक्य अपुरं पडतं. मग म्हणतो:

म्हणौनि ऐसें कैसें घडेल ।
जे मर्कट समाधी येईल ।
कां राहा म्हणतलिया राहेल ।
महावातु ॥

माकडाला समाधी लागेल का? वादळाला 'थांब' म्हटलं तर थांबेल का? हा तुमचाच प्रश्न, सातशे वर्षांपूर्वीचा. कृष्ण त्याला असं म्हणत नाही की छे, तुझं मन काही माकड नाही. माकड आहे हे मान्य करूनच तो बोलतो. वैराग्य आणि अभ्यास सांगतो, ते तर गीतेतच आहे. पण पुढची ओवी ज्ञानेश्वरांची स्वतःची आहे आणि तिच्यासाठी मी त्यांची जन्माची ऋणी आहे:

यया मनाचें एक निकें ।
जें देखिलें गोडीचिया ठाया सोके ।
म्हणौनि अनुभवसुखचि कवतिकें ।
दावीत जाइजे ॥

या मनाची एक गोष्ट बरी आहे. जिथे गोडी चाखली, तिथे ते सोकावतं. सोकावणं हा शब्द आपण मांजराला वापरतो, दुधाला सोकावलेलं मांजर. म्हणून त्याला कौतुकानं गोडी दाखवत जावं. 'कवतिकें' वर बोट ठेवा. लहान मुलाला घास भरवताना जे असतं ते. तुम्ही मनाला बसवता ते शिस्तीनं, शाळेतल्या बाकावर बसवावं तसं, आणि ४० मिनिटं संपल्याची घंटा झाली की ते धूम ठोकतं. गोडी कुठे लागली ते मला तुमच्या पत्रात शोधूनही सापडलं नाही. एकच जागा दिसली, आणि ती तुम्ही तक्रार म्हणून लिहिली आहे: बसले की टाळ वाजत नाहीये हेच ऐकू येतं. मन कुठे सोकावलंय ते त्यानं सांगून टाकलंय की.

शिवाय हा ग्रंथ तयार कसा झाला तेही बघा. शके १२१२, म्हणजे १२९० साली, नेवाशाला. एकांतात लेखणी धरून नव्हे. समोर श्रोते, सच्चिदानंदबाबा लिहून घेताहेत आणि श्रोतेसुद्धा गप्प बसणारे नव्हेत. विषय लांबला की मध्येच बोलतात, ज्ञानदेव त्यांची मनधरणी करतात, पुन्हा मूळ ओळीवर येतात. स्थिर मनावरच्या मराठीतल्या सगळ्यात मोठ्या बोलण्यात हा व्यत्यय शिवून टाकलेला आहे.

कानातल्या कबीराबद्दल थोडं. 'देव बहिरा आहे का' हे वाक्य तुम्हाला बहुधा त्यानंच पुरवलं. तसा प्रश्न त्यानं मोठ्यानं हाका मारणाऱ्यांना विचारलाय खरा, पण विचारताना त्याची कुठली साखळी तुटत नव्हती. त्याच्याच नावावर 'साधो सहज समाधि भली' हे पद आहे. त्यात तो म्हणतो, 'आँख न मूँदौं, कान न रूँधौं'. डोळे मिटत नाही, कान बुजवत नाही. ताई, तुम्ही कबीर ऐकायलाच कान बुजवता! ज्यांच्या गळ्यातून आपल्या पिढीला कबीर कळला, त्या कुमार गंधर्वांना क्षयामुळे देवासला राहावं लागलं. काही वर्षं गाणं बंद. ते मौन त्यांनी निवडलेलं नव्हतं. त्या सक्तीच्या गप्प राहण्यात दारावरून जाणाऱ्या, टेकडीकडे जाणाऱ्या भजनकऱ्यांचे सूर त्यांच्या कानावर पडत राहिले आणि पुढे निर्गुणी भजनं त्यातून आली. खिडकी लावून घेतली असती तर?

माझे एक मामा ठाण्याहून व्हीटीला नोकरीला जायचे. भजनाच्या डब्यातले. आता असे डबे कमी झालेत, पण ज्यांनी पाहिलेत त्यांना सांगायला नको. टाळ असायचे, मृदंग नसला तर डब्याच्या पत्र्यावर थाप. लहानपणी एकदा मी त्यांच्याबरोबर गेले होते. मामा एका हातानं वरची कडी धरून उभे, दुसऱ्या हातात जेवणाचा डबा, दोन्ही बाजूंनी माणसं चेपलेली. अभंग चालू झाला की ते डोळे मिटायचे. गाडीचा वेग कमी झाला की डोळे उघडून 'कुर्ला आलं, सावंत उतरा' म्हणायचे, अंग चोरून वाट करून द्यायचे आणि पुन्हा मिटायचे. मला वाटायचं, मामांना झोप येतेय. पण एकदाही त्यांची ओळ चुकली नाही आणि एकदाही कुणाचं स्टेशन. 'क्षणभरी' म्हणजे किती, असं कुणी विचारलं तर मला घाटकोपर ते कुर्ला आठवतं.

आता माझी फजिती सांगते, म्हणजे हिशेब बरोबर होईल. काही वर्षांपूर्वी मी दहा दिवसांच्या मौनाच्या शिबिराला गेले होते. तिथलं सगळं उत्तम होतं, जेवणसुद्धा. दहा दिवस एक शब्द नाही. परत आले तेव्हा आपण आता निराळ्या कुणीतरी झालोय अशी माझी खात्री होती. ठाणे स्टेशनबाहेर सॅटिसच्या पुलाखाली आले, रिक्षावाला पाचपाखाडीला यायला नाही म्हणाला. त्यानंतर माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते इथे छापता येणार नाही. दहा दिवसांचं साठलेलं होतं, एका मिनिटात गेलं. शेजारी उभ्या कॉलेजातल्या मुलीनं हळूच मोबाइल वर केला, एवढंच सांगते. शिबिराचा दोष नव्हता. दार बंद असेपर्यंत मी शांत होते, दार उघडलं नव्हतं म्हणून.

लहानपणी आपल्याला एकनाथांची गोष्ट सांगतात. कुणी अंगावर थुंकतो, नाथ पुन्हा गोदावरीत जाऊन अंघोळ करतात, असं कितीतरी वेळा, आणि रागावत नाहीत. थोर आहे, पण मला त्या गोष्टीचा उपयोग झाला नाही. इतकं न रागावणं माझ्या आवाक्यातलं नाही. मला धरून ठेवलं ते रागावलेल्या ज्ञानेश्वरांनी.

परंपरा सांगते ती गोष्ट अशी. कुणीतरी काहीतरी लागेलसं बोललं. ज्ञानदेव घरी आले, झोपडीची ताटी लावून आत बसले. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, ध्यान चाललंय. मुक्ताईला बरोबर कळलं की हे ध्यान नव्हे, हा रुसवा आहे. धाकटी बहीण ती, दाराशी उभी राहिली:

योगी पावन मनाचा ।
साही अपराध जनाचा ॥
विश्व रागें झालें वन्हि ।
संतें सुखें व्हावें पाणी ॥
शब्दशस्त्रें झाले क्लेश ।
संतीं मानावा उपदेश ॥
विश्वपट ब्रह्म दोरा ।
ताटी उघडा ज्ञानेश्वरा ॥

बाकीच्या साऱ्या शहाणपणानंतर ती येते दारावरच, कडी काढ म्हणून. ज्या माणसाकडे महाराष्ट्र शांतीसाठी जातो, त्यालाही एक दिवस दार लावून बसावंसं वाटलं आणि त्या बंद दाराला घरातल्या पोरीनं योग म्हणायला नकार दिला. याच अभंगांत पुढे ती एक इतकं घरगुती बोलते की वाचताना आपलीच जीभ दातांवरून फिरते: 'जीभ दांतांनीं चाविली । कोणें बत्तिशी तोडिली'. दातांखाली जीभ आली म्हणून कुणी बत्तिशी पाडून घेतं का?

तुमच्या घरी सध्या दोन ताट्या लागल्यात. एक बेडरूमची, दुसरी कपाटावरच्या फडक्याची. तुम्ही दात झालात, त्या जीभ, आणि एका तोंडात राहायचंय दोघींना. मुक्ताई व्हायची पाळी तुमची आहे, कारण तुम्ही लहान आहात. हे मला जुनाट वाटतं, पण या बाबतीत मी जुनाटच आहे.

मग मूळ प्रश्न, ते खरं की काव्य. मी काय सर्टिफिकेट देणार? एवढं सांगते, की खोटं लिहिणारा माणूस स्वतःचे वाईट दिवस लिहीत नाही. तुकोबांची गाथा साडेचार हजारांवर अभंगांची आहे. त्यात 'आनंदाचे डोहीं आनंद तरंग' आहे, तसं 'रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग । अंतर्बाह्य जग आणि मन' पण आहे. सासरी निघालेली मुलगी मागे वळून वळून बघते, तसं झालंय माझ्या जिवाचं, हेही आहे. ते भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसत. तिथला तो 'वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें' आपण सहलीला गेलो की म्हणतो, येऊरला तर हमखास. पण पहिल्या दोन ओळींवर थांबतो. शेवटची ओळ आहे: 'तुका म्हणे होय मनासी संवाद । आपुलाचि वाद आपणांसी'. झाडं, आकाशाचा मांडव, एकांत, सगळं जमून आलंय, आणि तिथे हा माणूस काय करतोय? स्वतःशी वाद. तरी त्याच अभंगात म्हणतो, 'येणें सुखें रुचे एकांताचा वास'. त्या वादासकट त्याला तिथे रुचतंय. मी ज्याला शांतता म्हणते ती साधारण एवढीच आहे: डोक्यातलं भांडण चालू असताना तिथून पळून जावंसं न वाटणं. मला ती आयुष्यात तीन-चारदा लाभली असेल, थोडा वेळ. एकदा मासुंदा तलावाच्या काठी पावसात अडकले होते तेव्हा, एकदा आईच्या शेवटच्या आजारात हॉस्पिटलच्या बाकावर. आणि एकदा, सांगायला लाज वाटते, मेथी निवडताना.

तुमच्यासारखीच्या वाट्याला येते का, या प्रश्नावर मात्र मी थोडी चिडले. 'माझ्यासारखी' म्हणजे काय? जनाबाई नामदेवांच्या घरी दासी होत्या. 'दळितां कांडितां । तुज गाईन अनंता' हे त्यांनी फुरसतीत लिहिलेलं नाही, जात्यावर आलंय. जात्याचा खुंटा एका हातात, दुसऱ्या हातानं मूठमूठ दाणे, गरगर तेच ते. सावता माळी अरणचे, कांदा, मुळा, भाजीत त्यांना विठाबाई दिसली. लसूण, मिरची, कोथिंबीरही सोडली नाही. या माणसांना कामातून वेळ काढून शांती मिळाली असती तर आपल्याला त्यांचा उपयोग काय होता? तुमचं जातं एक्सेलमध्ये आहे, तेवढाच फरक.

आता काय करायचं ते.

सासूबाईंची माफी मागा, पण भाषण नको. 'मी चुकले, मला माफ करा' म्हणून तुम्ही रडलात की त्यांना तुमचं सांत्वन करत बसावं लागेल, आणि त्यांचं राहून जाईल. कपाटावरचे टाळ स्वतःच्या हातानं खाली काढा आणि म्हणा, "आई, मला हरिपाठ पाठ करायचाय. पुस्तकातून होत नाही." हे खोटंही नाही. पहिल्या दिवशी त्या म्हणतील, 'राहू दे आता, तुझं ते असतं.' हा टोमणा आहे. तो गिळा. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.

त्यांचे शब्द सुधारू नका, हे मी विनवून सांगते. तुम्ही ज्याला चूक म्हणता त्यातल्या कितीतरी चुका नसतील, पाठभेद असतील. त्यांनी हरिपाठ वाचून नाही, आईच्या किंवा आजीच्या तोंडून घेतलाय. आणि चूक असलीच तरी ती साठ-सत्तर वर्षं तोंडात फिरून गुळगुळीत झालेली चूक आहे. तुम्ही त्यांच्यासारखंच म्हणा. तुमचं छापील पुस्तक कपाटात राहू द्या.

सगळा हरिपाठ बसून म्हणायची प्रतिज्ञा करू नका. तुम्ही प्रतिज्ञेच्या बाई आहात, लगेच मोजायला लागाल. पहिला आठवडा पहिल्या अभंगापुरतं बसा, मग उठून स्वयंपाकाला लागा. त्या बाहेर म्हणत राहतील, तुमचा हात भाजी चिरत राहील, 'हरि मुखें म्हणा' हे ध्रुपद आलं की तोंडातून आपोआप निघेल. नाही निघालं तरी चालेल. एखाद्या दिवशी टाळ डोक्यात जाईल, तेव्हा दार न आपटता गॅलरीत जाऊन या.

तुमची स्वतःची शांत वेळही सोडू नका. सासूबाईंची वेळ सोडून दुसरी घ्या, एवढंच. सकाळी सगळे उठायच्या आधीची दहा मिनिटं मिळतात का बघा. किंवा रबाळ्याहून गाडी सुटली की ठाण्यापर्यंत हेडफोन पर्समध्ये ठेवून द्या. ऐरोली येईल, दिघा येईल, बायकांच्या डब्यातलं बोलणं कानावर पडेल, कुणी मटार सोलत असेल, कुणी फोनवर मुलाला क्लासला पिटाळत असेल. ऐकत बसा, काही मिळवायचं नाही.

अ‍ॅपचं काय? काढून टाका असं मी म्हणत नाही. पण एक दिवस मुद्दाम चुकवा. तो आकडा शून्यावर आलेला बघा आणि कसं वाटतं ते मला कळवा, खरंच कळवा. मला वाटतं, तुमच्या ११२ दिवसांतली सगळ्यात मोठी साधना त्या एका दिवशी होईल. माझा अंदाज चुकेलही.

नवऱ्याला म्हणावं, दोघी बघून घेतोच आहोत, तोवर संध्याकाळचा कुकर तू लाव. शिट्ट्या मोजायचं काम त्याच्याकडे. बारावीच्या मुलाला यात ओढू नका. त्याला घरात टाळ वाजला काय, न वाजला काय, फरक पडत नाही असं तो दाखवेल. पण ज्या दिवसापासून आजी गप्प आहे, त्या दिवसापासून त्यानं तुम्हाला त्याबद्दल काही विचारलंय का, आठवून बघा.

आणि टाळ काढाल तेव्हा त्यांची दोरी तपासा. तीन आठवडे गुंडाळून ठेवलेत, दमट हवेत सुती दोरी कुजते आणि ऐन रंगात तुटते. जांभळी नाक्याच्या बाजारात पूजेच्या सामानाच्या दुकानात दोरी मिळते. गाठ मात्र सासूबाईंना मारायला सांगा. ती कशी मारतात ते त्यांना येत असणार.